जागरूक ग्राहकाचं चारशे तेरावं मत

निकालरावांच्या दुकानात वस्तू दुरुस्त व्हायला जेवढा वेळ लागे, त्याच्या दुप्पट वेळ त्या वस्तूवरचं भाषण ऐकायला लागे. मिक्सर आणा, इस्त्री आणा, कानाला लावायचे हेडफोन आणा. निकालराव आधी वस्तू उलटी करून तिच्या बुडाशी कुठल्या देशाचं नाव आहे ते बघणार आणि मग 'हं' म्हणणार. तो 'हं' बाहेर पडला की शहाण्या गिऱ्हाइकानं स्टूल ओढून बसावं. कारण आता गाडी मिक्सरवरून आयातीवर, आयातीवरून सरकारवर, सरकारवरून विरोधी पक्षावर जाणार आणि शेवटी मोबाइलवर गेम खेळून वाया गेलेल्या पिढीपाशी येऊन थांबणार. एवढं होईपर्यंत मिक्सर तसाच उघडा पडलेला असे.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली असल्यामुळे ते कुणाला वाचता येत नसे. गल्ली त्यांना तोंडावर 'मिस्त्री' म्हणे आणि पाठीमागे 'निकालराव', कारण जगातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल त्यांच्याकडे तयार असे. राजकारणाचा निकाल असा, की सत्तेतले सगळे चोर आणि विरोधातले सगळे प्रामाणिक, कारण त्यांना अजून संधी मिळालेली नाही. गेल्या निवडणुकीत कुणाला मत द्यावं हे ते मतदानाच्या रांगेत उभं राहून लोकांना इतकं सविस्तर समजावत बसले, की मागचे वीसजण पुढे गेले, केंद्र बंद झालं आणि निकालरावांचं स्वतःचं मत राहूनच गेलं. तेवढं एकच मत आयुष्यात त्यांचं द्यायचं राहिलं असेल.

हात मात्र सोन्याचा, हे कबूल करायलाच हवं. इतरांनी भंगारात काढलेला पंखा त्यांच्या हाताखालून गेला की पुन्हा दहा वर्षं फिरे. गप्प बसून काम केलं असतं तर या माणसानं चार दुकानं टाकली असती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि दुकान एकच राहिलं.

दुकानात एक पुठ्ठा टांगलेला होता: 'गल्लीतलं घ्या, आपल्या माणसाचं घ्या.' पुठ्ठा परदेशी टीव्हीच्या खोक्याचा होता. तारांना डाग द्यायचं सोल्डरिंगचं हत्यारही परदेशीच होतं. कुणी बोट दाखवलं तर निकालराव म्हणत, "हत्यार मोजायचं नसतं." आणि फोन? "शत्रूच्या बंदुकीनंच शत्रूवर गोळी झाडायची असते." हा गोळीबार रोज दुपारी चाले. इंटरनेटवर त्यांनी 'जागरूक ग्राहक' या नावानं खातं काढलं होतं आणि त्यावरून ते जगातल्या वस्तूंना तारे वाटत. वाटत म्हणजे एकेकच वाटत. चारशे बारा मतं झाली होती आणि त्यातली चारशे नऊ एका ताऱ्याची. प्रत्येक मताच्या शेवटी ठरलेलं वाक्य असे: 'वेळ आणि बॅटरी दोन्ही वाया. अनुभवाचे बोल.' अनुभव नेहमी असेच असं नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची लेक दोन वर्षं एक गेम बनवत होती. ती एकटीच चित्रं काढी, एकटीच आवाज भरी आणि एकटीच चुका शोधी. लेक गेम बनवते याचं निकालरावांना काय वाटे, हे सांगणं अवघड आहे. गेम वाईट, हे त्यांचं मत पक्कं होतं. लेक आपली, हेही पक्कं. शेवटी त्यांनी 'दुसऱ्याचे गेम पोरांना बिघडवतात, आपल्या माणसाचे घडवतात' असा मधला मार्ग काढला आणि गल्लीत सांगून टाकलं, "पोरीचा गेम येतोय! सगळ्यांनी पाच तारे द्यायचे. न बघता!"

गेमचं नाव मात्र लेकीनं त्यांना सांगितलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिनं हौसेनं मुख्य माणसाचं चित्र त्यांना दाखवलं होतं. निकालरावांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "एवढ्या नाकाचा माणूस असतो का कुठे?" लेकीनं त्यांच्या नाकाकडे बघितलं आणि चित्र मिटून ठेवलं. त्यानंतर तीन आठवडे तिचं काम पुढे सरकलं नाही. तेव्हापासून तिचा नियम होता, की बाबांना काही दाखवायचं ते पूर्ण झाल्यावर, आणि तेही पंधरा दिवस जाऊ देऊन.

आईला नाव माहीत होतं. आई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून बसवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे न दाखवता राहायचं, यात तिची हयात गेली होती. तिनं एकदाच विचारलं, "अगं, पण हे इंग्रजी नाव कशाला? टायनी स्क्रूड्रायव्हर म्हणे! सरळ 'छोटा पेचकस' म्हण ना!"

"आई, आपल्या भाषेतलं नाव दिसलं की आपलीच माणसं पुढे सरकतात. बाहेरचं वाटलं की थांबतात. पिकतं तिथं विकत नाही."

गेम बाहेर पडला त्या दिवशी जेवताना लेकीनं दोघांना सगळं नीट सांगितलं. मोबाइलवर गेम विकणाऱ्या मोठ्या दुकानात नव्या लोकांसाठी एक जागा असते. पंधरा दिवस लोकांची मतं चार ताऱ्यांच्या वर राहिली, तर गेम आठवडाभर पहिल्या पानावर ठेवतात. तसं झालं तर ती इथेच राहून पुढचा गेम करणार. नाही झालं, तर दुसऱ्या गावच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती, तिथे जाणार. काम काय, तर पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या गेमसाठी चकचकीत बटणांची चित्रं काढायची.

"ती बटणं असली काढायची बाबा, की माणसाला हरतानाही दाबावीशी वाटली पाहिजेत," लेक म्हणाली. "मला नाही जायचं तिथे."

"जायचा प्रश्नच नाही!" निकालराव म्हणाले. "तू फक्त नाव सांग, गल्लीचे तारे मी गोळा करतो."

"नको बाबा. तुम्ही काहीच करू नका. एवढंच करा."

निकालरावांना आजवर कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवसापर्यंत सगळं छान चाललं होतं. लोकांना गेम आवडत होता आणि मतं चारच्या वर होती. अकराव्या दिवशी स्टेशनवर तिकीट खिडकीला बसणारा कारकून आपली इस्त्री न्यायला दुकानात आला. निकालरावांनी इस्त्री उलटी केली, 'हं' म्हटलं आणि सुरू झाले. गाडी नुकतीच विरोधी पक्षापर्यंत आली होती, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की कारकून ऐकतच नाहीये. तो मोबाइलमध्ये तोंड खुपसून फिदीफिदी हसत होता.

"काय चाललंय?"

"गेम आहे हो, मिस्त्री! टायनी स्क्रूड्रायव्हर. काय भारी आहे! यात एक माणूस आहे, अगदी हुबेहूब…"

"मला दाखवू नका. नावावरूनच कळतंय."

"अहो, एकदा बघा तर. याचं नाक…"

"आंब्याच्या झाडाला बघायला जावं, बाभळीला काय बघायचं?"

कारकून इस्त्री घेऊन हसत हसत निघून गेला आणि निकालरावांच्या तोंडातलं अर्धं वाक्य तसंच राहिलं. असा अपमान त्यांच्या दुकानात कधी झाला नव्हता. आपण देशाच्या भवितव्यावर बोलावं आणि माणसानं एका परदेशी पेचकसाकडे बघून हसावं! त्यांनी तिथल्या तिथे फोन काढला आणि जागरूक ग्राहकाचं चारशे तेरावं मत लिहिलं.

'बाहेरच्या देशातल्या कंपन्या आपल्या माणसांना खुळं करून सोडत आहेत, त्याचा हा उत्तम नमुना. ज्यांनी आयुष्यात कधी पेचकस हातात धरला नाही, असल्या लोकांनी हा बनवलेला दिसतो. आपल्याकडे गुणी मुलं रात्रंदिवस खपून गेम बनवत आहेत, त्यांना विचारतं कोण? एक तारा, तोही शून्य देता येत नाही म्हणून. वेळ आणि बॅटरी दोन्ही वाया. अनुभवाचे बोल.'

तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. ते समोरच्या सलूनमध्ये गेले. तिथे आपला नंबर येण्याची वाट बघत नेहमीची मंडळी बसलेली असत, आणि वाट बघणाऱ्या माणसाकडून काहीही करून घेता येतं. निकालरावांनी दहा मिनिटं भाषण केलं. सलूनवाला वस्तऱ्याला धार लावता लावता "बरोबर आहे" म्हणाला. तो सगळ्यांनाच बरोबर म्हणे, कारण त्याच्या हातात वस्तरा आणि समोर गळा असे, मग वाद घालायचा कुणी? तर सलूनवाला धरून बारा जणांनी फोन काढले आणि न पाहिलेल्या गेमला एकेक तारा देऊन देशसेवा केली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. लेकीनं ताट पुढे ओढलं आणि पुन्हा मागे सारलं. "दुपारपासून मतं घसरली," ती आईला म्हणाली. "चारच्या खाली गेली. एकदम तेरा जणांनी एकेक तारा दिलाय."

"हे बाहेरच्यांचं कारस्थान!" निकालराव कडाडले. "आपला माणूस वर आलेला त्यांना बघवत नाही. पण तू काळजी करू नकोस. आज मीपण त्यांच्या एका गेमची अशी जिरवलीय, की बस! अख्ख्या सलूनकडून!"

आईचा घास हातातच थांबला. तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं बापाकडे पाहिलं आणि ती उठून हात धुऊन आपल्या खोलीत गेली.

"हिला काय झालं?" निकालरावांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही जेवा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. निकालराव सलूनमध्ये दाढीला बसले होते आणि बाकावर कालचीच मंडळी होती. एका गालावर वस्तरा फिरून झाला होता, दुसऱ्यावर फेस होता, आणि तेवढ्यात फोन वाजला. गेमवाल्यांनी जागरूक ग्राहकाच्या मताला उत्तर दिलं होतं. चारशे तेरा मतांत पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर दिलं होतं!

"बघा!" निकालरावांनी फोन उंच धरला. "कंपनी शरण आली! थांबा, वाचूनच दाखवतो." आणि त्यांनी घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली.

"'नमस्कार, जागरूक ग्राहक. तुमचं मत वाचलं. वेळ आणि बॅटरी दोन्ही वाया, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे लगेच ओळखलं.'"

"म्हणजे परदेशातसुद्धा नाव झालं की तुमचं!" सलूनवाला म्हणाला. निकालरावांची छाती फुगली.

"'आमची कंपनी परदेशी नाही. ती एका दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. त्या खोलीत एक टेबलाचा दिवा आहे. तो तीनदा बिघडला आणि तिन्ही वेळा…'"

आवाज खाली आला. ओठ हलत राहिले, पण शब्द ऐकू येईना.

"पुढे वाचा की, मिस्त्री!"

निकालरावांनी फोन खाली घ्यायचा प्रयत्न केला. पण बाकावर तो तिकीट खिडकीवाला कारकून बसला होता, आणि गर्दीत दुसऱ्याच्या हातातला कागद वाचायची त्याला वर्षानुवर्षांची सवय होती. त्यानं मान लांब करून उरलेलं वाचून टाकलं.

"'तिन्ही वेळा तुम्हीच नीट केलात. या गेममध्ये एक मोठ्या नाकाचा मिस्त्री आहे. गिऱ्हाईक येतं, वस्तू ठेवतं आणि जाता जाता एखादा विषय काढतं. मिस्त्रीनं मत दिलं की वेळ पळतो आणि वस्तू तशीच राहते. मिस्त्री गप्प राहून हात चालवेल तर काहीही दुरुस्त होतं, कारण त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. मला लोकांना तो हात दाखवायचा होता. एकदा खेळून बघा, बाबा.'"

कारकुनानं मान मागे घेतली. पंखा तेवढा फिरत होता. तोही निकालरावांनीच दुरुस्त केलेला. सलूनवाल्यालासुद्धा 'बरोबर आहे' म्हणावं की नाही ते कळेना.

निकालरावांना खूप वाईट वाटलं. इतकं वाईट त्यांना एकदाच, स्वतःची आई वारली तेव्हा वाटलं होतं. पण नुसतं वाईट वाटून घेत बसेल तो निकालराव कसला! अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते उभे राहिले आणि ओरडले, "काढा फोन! सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता पाच तारे द्या!"

मंडळींनी फोन काढले. काल न खेळता एक दिला होता, आज न खेळता पाच दिले. कुणाचं काही अडलं नाही. निकालरावांनी स्वतः लिहिलं: 'अप्रतिम! जगात असा गेम झाला नाही. आपल्या माणसाचा आहे, डोळे मिटून घ्या.' आणि फेस पुसत ते घरी धावले.

लेक खोलीच्या दारात उभी होती. "खेळलात?" तिनं विचारलं.

"अगं, पाच तारे दिले! तेराच्या तेरा जणांनी! भरपाई झाली सगळी!"

"पण खेळलात का, बाबा?"

निकालराव फेसाचा हात शर्टाला पुसत राहिले. लेकीनं हळूच दार लावून घेतलं.

दुपारी गेमच्या दुकानाची चिठ्ठी आली. तेरा जणांनी एका दिवसात एकाच्या जागी पाच तारे केले, आणि तेही सगळे एकाच गल्लीतून, त्यामुळे ही मतं विकतची असल्याचा संशय आहे. तरी हा गेम पहिल्या पानासाठी विचारात घेतला जाणार नाही. निकालरावांनी जन्मात पहिल्यांदा मनापासून कुणाला पाच तारे दिले होते, आणि तेच खोटे ठरले. चुकीची तार जोडून वस्तू जळाली तर गिऱ्हाइकाला नवी घेऊन द्यायची, हा त्यांचा धंद्याचा नियम होता. इथे नवी कुठून आणायची?

लेकीनं आदळआपट केली नाही. तिनं नोकरीला होकार कळवला आणि शुक्रवारी निघायचं ठरवलं. बापाशी ती बोलत होती, पण मीठ द्या, दार लावा, एवढंच.

निकालरावांनी मग तो गेम उतरवून घेतला. दुकानाचं अर्धं शटर खाली ओढून ते खेळायला बसले. पडद्यावर मोठ्या नाकाचा माणूस आला, त्याच्यापुढे एक मिक्सर ठेवला गेला. खाली दोन बटणं होती: 'पेचकस घ्या' आणि 'मत द्या'. गिऱ्हाईक म्हणालं, "हल्लीच्या वस्तू टिकत नाहीत, नाही का?" निकालरावांचा अंगठा 'मत द्या'वर गेला. पडद्यावरचा मिस्त्री बोलत सुटला, घड्याळ पळालं, मिक्सर तसाच राहिला आणि गिऱ्हाईक निघून गेलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. सोमवारी ते इस्त्रीपर्यंत पोचले. बुधवारी सरकारचा विषय निघाला तरी त्यांनी अंगठा आवरला. पण तिसऱ्या पातळीवर एक म्हातारा येई आणि म्हणे, "या गेमनं पोरं बिघडली हो," आणि निकालराव दरवेळी तिथेच घसरत. शेवटी गुरुवारी त्यांनी उजवा अंगठा त्याच हाताच्या मुठीत आवळून धरला, म्हाताऱ्याला बोलू दिलं आणि डाव्या करंगळीनं पेचकस उचलला. पंखा फिरला. तिसरी पातळी पार झाली! ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. उद्या ती निघताना आपण तिला हे करूनच दाखवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

शुक्रवारी सकाळी गाडी दारात आली. लेकीनं बॅग ओढली आणि तिचं एक चाक आडवं झालं. बॅग नवी होती, परदेशी होती आणि इंटरनेटवरून मागवलेली होती. आई दारातच थांबली. लेकही थांबली. एवढ्या एका चाकावर निकालराव तासभर बोलू शकले असते.

निकालराव एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी बॅग उलटी केली आणि तिच्या बुडाशी काय लिहिलंय तेही वाचलं नाही. दुकानातून पेचकस आणला, चाक काढलं, वाकलेली पिन ठोकून सरळ केली, थेंबभर तेल सोडलं आणि चाक परत बसवलं. मग बॅग उभी करून एका बोटानं ढकलली. ती लोण्यासारखी सरकली.

लेक त्यांच्या हातांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, तरी ती हलली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचंय?"

निकालरावांनी ओठ घट्ट मिटले आणि मोठ्या अभिमानानं मान नकारार्थी हलवली.

लेकीनं डोळे पुसले. मग तिनं आईला मिठी मारली, बॅग उचलून गाडीत ठेवली आणि दार लावून घेतलं. गाडी निघाली.

"बघितलंस?" निकालराव बायकोकडे वळले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "एक शब्द बोललो नाही! मला तिचा गेम कळला!"

बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं दात दाखवले.

"अहो, मत देऊ नका म्हणत होती ती," ती म्हणाली. "माफी मागू नका असं कुठे म्हणाली होती?"

निकालराव पेचकस हातात घेऊनच रस्त्यावर धावले. तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती.